शब्दकोश आधी की बंदर आधी?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपले बालपण गुहागरला गेले, आता आपण पुण्यात असता आणि गेली चार वर्षे एका अद्भुत कादंबरीवर काम करीत आहात. त्या जगाला दोन चंद्र आहेत, एक लांबलचक किनारा आहे, किनाऱ्यावर दर्यावर्दी लोक राहतात आणि डोंगरापलीकडे एक बलाढ्य राज्य आहे. दर्यावर्दींच्या भाषेचे ६०० शब्द, क्रियापदांची कोष्टके आणि एक स्वतंत्र लिपी एवढे आपल्या वहीत तयार आहे. कादंबरीची मात्र ४० पाने झाली आणि ती तेथेच थांबली. भाषा आणखी किती पूर्ण केली म्हणजे लेखन पुढे सरकेल, आणि एवढ्या कष्टाने केलेली भाषा मराठी वाचकाला जड जाईल का, असे आपण विचारले आहे. सोबत कादंबरीची पहिली दोन पाने आणि शब्दांचा एक नमुनाही दिला आहे, हे बरे झाले, कारण माझे निम्मे उत्तर त्या दोन पानांतच सापडले.

मी दापोली तालुक्यात राहते. आधी अकरा वर्षे शाळेत मराठी शिकवले; पुढे अद्भुतकथा लिहू लागले आणि स्वतःच्या कादंबऱ्यांसाठी व इतरांच्या श्राव्य मालिकांसाठी मिळून पाच-सहा भाषा घडवल्या. त्यांपैकी दोन पूर्ण फसल्या, त्याबद्दल पुढे सांगेन. ६०० शब्द कमी तर नाहीतच, माझ्या हिशेबाने चारशेभर जास्त आहेत. अडचण मला वेगळीच दिसते: आपल्या कादंबरीत ती भाषा बोलण्याची अजून कोणाला गरज पडलेली नाही. पहिल्या पानावर दर्यावर्दींची मुलगी आणि डोंगरापलीकडचा राजपुत्र पुळणीवर भेटतात, आणि पहिल्याच भेटीत दोघांना एकमेकांचे सगळे समजते. मग वहीतल्या भाषेने करायचे काय? ती शोभेपुरती दोन शिव्यांत आणि एका तलवारीच्या नावात येऊन जाते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मोकळेपणाने सांगते. भाषा पडद्यासाठी करायची असेल तर नटाला ती तोंडाने बोलावी लागते आणि दिग्दर्शक ऐन वेळी नवे वाक्य मागतो. तेथे व्याकरण पुरे असल्याशिवाय भागत नाही. मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी क्लिंगॉन भाषा रचली आणि १९८५ मध्ये तिचा कोशही निघाला. आपल्याकडे मदन कार्की यांनी २०१५ च्या ‘बाहुबली’तील कालकेयांसाठी किलिकी भाषा रचली. ही मंडळी नटांच्या जिभेसाठी आणि प्रेक्षकांच्या कानासाठी काम करीत होती. कादंबरीचा वाचक मनातल्या मनात वाचतो, आणि एखाद्या शब्दाशी अडखळला की तो शब्द सोडून पुढच्या ओळीवर जातो. म्हणून कादंबरीला भाषा फार थोडी लागते, पण जी लागते ती नेमक्या जागी लागते.

याच्या उलट बाजूने इंग्रज कादंबरीकार टॉल्किन यांचे नाव पुढे केले जाते, आणि तसे करणे योग्यही आहे. ते पेशाने भाषेचे अभ्यासक होते. फिनिश भाषेच्या नादाची ओढ लागून त्यांनी क्वेन्या रचली, वेल्शच्या ओढीने सिंदारिन रचली. भाषा आधी झाल्या आणि त्यांना राहायला जग हवे म्हणून कथा नंतर आल्या, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. मात्र क्वेन्याची सुरुवात १९१५ च्या सुमाराची आणि त्यांची मोठी कादंबरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ ची, हे अंतरही ध्यानात घ्यावे. भाषा रचणे हाच आपला मूळ आनंद असेल आणि तेवढी वाट पाहण्याची तयारी असेल, तर वही खुशाल चालू ठेवावी. त्यात कमीपणा काहीच नाही. पण आपली तक्रार कादंबरी अडल्याची आहे, म्हणून मी त्याच बाजूने लिहिते.

कोणती भाषा कोणाला कळत नाही, हे ठरवण्यापासून मी सुरुवात करते. त्यासाठी आपल्या किनाऱ्यासारखी दुसरी शाळा नाही. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तेथे मी कित्येक संध्याकाळी नुसती ऐकत बसले आहे. त्यातला ‘लिलाव’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. घमेले, बादली, पिंप, साबण, चावी, पाव, बटाटा, काजू ही सारी त्याच गलबतांतून उतरलेली मंडळी. हापूस आंब्याच्या नावातही अफोन्सो हे पोर्तुगीज नावच दडलेले आहे. ‘बंदर’ फारसीतून आले, ‘खलाशी’ अरबीच्या वाटेने आला. परंतु भरती, ओहोटी, आई, भूक, रडणे यांसाठी आपण कोणाच्या दारात गेलो नाही. नुसती ही यादी एखाद्या परक्याच्या हाती दिली तरी कोण येथे व्यापाराला आले, कोणी झाडे आणि भांडी आणली आणि कोणाला घराच्या माजघरापर्यंत येता आले नाही, हे तो ओळखेल. आपल्या ६०० शब्दांपुढे अशी खूण करून पाहा: घरचा कोणता, बाजारातून आलेला कोणता, आणि राज्यकर्त्यांनी लादलेला कोणता. मला मिळालेल्या नमुन्यात सगळेच शब्द घरचे आहेत. शेजारी बलाढ्य राज्य असताना कोणतीही किनारपट्टी इतकी सोवळी राहत नाही.

याहून बोलके उदाहरण रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लईचे आहे. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज सत्ता तेथून उठली. पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द मोठ्या प्रमाणात पोर्तुगीज मुळाचे राहिले, पण भोवतालच्या मराठीने वाक्याची ठेवण बदलली आणि क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. कल्पित भाषा करणाऱ्याला एवढ्या एका गावात पुरे साहित्य आहे. सत्ता गेली तरी भाषा का उरली? वस्ती छोटी होती, धर्म वेगळा होता, लग्ने आपापसांत होत होती. भाषेच्या टिकण्यामागे अशी साधी, घरगुती कारणे असतात, आणि कादंबरीकाराला ती कोष्टकांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

तेव्हा आपल्या कादंबरीत मुलीला राजपुत्राचे बोलणे समजू नये, निदान पहिली ऐंशी-नव्वद पाने तरी. दोघांमध्ये एक दुभाष्या आणावा, आणि त्या दुभाष्याला स्वतःचा काही स्वार्थ असावा. तो काय गाळतो आणि काय वाढवतो, यावर आपली कथा कदाचित आपोआप चालू लागेल. शेजाऱ्यांनी एकमेकांना काय नावे ठेवली आहेत, हेही ठरवा. रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या बेने इस्रायलांना भोवतालच्या लोकांनी ‘शनिवार तेली’ म्हटले, कारण ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. या दोन शब्दांत धंदा आहे, धर्म आहे, आणि शेजाऱ्याची बारीक नजरही आहे. आपल्या डोंगरी लोकांनी दर्यावर्दींना असेच एखादे नाव दिलेले असणार. ते दर्यावर्दींना आवडणारही नाही, म्हणून ते हवेच.

आता आपल्या दोन चंद्रांविषयी, कारण मला सर्वांत जास्त लोभ त्यांचा वाटला आणि आपण त्यांचा उपयोग केवळ रात्रीच्या वर्णनात केला आहे. आपल्याकडे एकाच चंद्राने केवढी शब्दसंपत्ती दिली आहे ते पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी उशिरा. होडी केव्हा लोटायची, खाडीच्या तरीवरून, म्हणजे होडीच्या उतारावरून, म्हातारीला केव्हा पलीकडे न्यायचे, खाडीतल्या कालवांना केव्हा जायचे, हे सारे त्यावर ठरते. लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला तरी वऱ्हाडाची होडी खाडीपार न्यायची वेळ तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुखच सांगणार. दोन चंद्र असतील तर हे गणित किती गुंतागुंतीचे होईल याची कल्पना करा. दुसरा चंद्र किती मोठा आणि किती दूर, यावर तपशील अवलंबून राहील. पण दोन्ही चंद्र आणि सूर्य एका ओळीत येण्याचा दिवस क्वचितच उगवेल, आणि त्या दिवशी पाणी इतके मागे हटेल की एरवी कधी न दिसणारा तळ उघडा पडेल. त्या दिवसाला दर्यावर्दी काय म्हणतात? त्या तळावर काय आहे? तेथे जायला कोणाला मनाई आहे? हा एक शब्द सापडला तर मला वाटते आपल्याला तलवारींची बारा नावे लागणार नाहीत.

दिशांचेही तसेच. कोकणात समुद्रालगतच्या सखल पट्टीला खलाटी आणि डोंगराकडच्या चढत्या प्रदेशाला वलाटी म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे गेलेला माणूस ‘घाटावर’ गेलेला असतो. बालीच्या भाषेत तर ‘डोंगराकडे’ आणि ‘समुद्राकडे’ याच मुख्य दिशा मानल्या जातात. आपल्या दर्यावर्दींना डावे-उजवे असे शब्दच नसतील, सगळे दर्याकडचे किंवा डोंगराकडचे असेल, तर राजधानीच्या बंदिस्त वाड्यात, जेथून ना दर्या दिसतो ना डोंगर, त्या मुलीला साधा रस्तासुद्धा विचारता येणार नाही. असा प्रसंग कोष्टकातून सुचत नाही. जमिनीचा आकार मनात पक्का असला म्हणजे सुचतो.

आणि भीती. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगड्या फुटल्या तरी त्या ‘वाढवल्या’, दिवा विझवला तरी तो ‘मालवला’, आणि रात्रीच्या वेळी सापाला साप न म्हणता ‘जनावर’ म्हणणारी माणसे अजूनही आहेत. लोक कोणता शब्द टाळतात हे कळले की ते कशाला भितात हे कळते. शिव्या-शापांनाही हाच न्याय लागू आहे: शिलाहार राजांच्या काळातील गधेगाळ नावाचे शापाचे दगड कोकणात ठिकठिकाणी उभे आहेत, आणि दिलेले दान जो मोडील त्याला घातलेली ती ओंगळ शिवी दगडात कोरलेली पाहिली की त्या समाजात जमिनीचे मोल काय होते ते वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या नमुन्यात राजा, खड्ग, सिंहासन, अग्नी असे भारदस्त शब्द भरपूर आहेत. टाळायचा शब्द एकही नाही.

येथपर्यंतचे सल्ले कोणत्याही भाषेतल्या लेखकाला चालतील. मराठीत लिहिणाऱ्याला एक जास्तीची अडचण आहे आणि ती परदेशी मार्गदर्शकांत कोठेच सापडत नाही, म्हणून तीवर जरा रेंगाळते. कल्पित शब्द शेवटी मराठी वाक्यात नांदायचा असतो, आणि मराठी वाक्य त्याला दारातच दोन प्रश्न विचारते: तुझे लिंग कोणते, आणि तुझे सामान्यरूप काय? आपला समुद्रप्राणी ‘नुरक’ घ्या. तो आला, ती आली की ते आले? पुल्लिंगी वा नपुंसकलिंगी असेल तर ‘नुरकाला’ होईल, स्त्रीलिंगी असेल तर ‘नुरकेला’ किंवा ‘नुरकीला’. आपण दोन पानांत तिन्ही रूपे वापरली आहेत. आकारान्त शब्दांत धोका अधिक. आपले ‘किरा’ हे गलबत पुल्लिंगी मानले तर ‘किऱ्याला’, स्त्रीलिंगी मानले तर ‘किरेला’. पहिल्यांदा ‘किऱ्यावरून’ वाचणाऱ्याला हा आधीच भेटलेला ‘किरा’ आहे हे उमगेलच असे नाही. ‘थूर’सारख्या शब्दाचे ‘थुराला’ होताना दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो, म्हणजे शब्दाचा चेहराच बदलतो. उलट ओकारान्त शब्द सहसा जसाच्या तसा राहतो: रेडिओ, रेडिओला. म्हणून जे शब्द वारंवार येणार आहेत ते मी शक्यतो ओकारान्त किंवा ईकारान्त स्त्रीलिंगी करते, कारण ‘नदी, नदीला, नदीवर’ ही चाल वाचकाच्या अंगवळणी पडलेली असते. शब्द पक्का करण्यापूर्वी तो ‘ला, ने, चा, त, वरून’ यांच्यासह आणि अनेकवचनात लिहून, मोठ्याने वाचून पाहावा. निम्मे शब्द या चाळणीतच गळतात.

दुसरी गोष्ट उच्चाराची. देवनागरीत लिहिले तसे वाचले जाते, असे आपण अभिमानाने सांगतो. पण शब्दाच्या शेवटचा अकार आपण बोलताना गिळतो, तेव्हा आपण ‘केलथ’ लिहाल आणि मनात तीन पूर्ण अक्षरे ऐकाल, तरी वाचक ते ‘केलथ्’ असेच वाचणार. च, ज, झ यांचे तर दोन-दोन उच्चार आहेत: चाक आणि चहा, जग आणि जन्म, माझा आणि माझी. लिहिताना फरक दिसत नाही, आणि नव्या शब्दात कोणता उच्चार करायचा हे वाचकाला सांगणारे कोणी नसते. त्या अक्षरापुढे इकार किंवा ईकार असला तर उच्चार तालव्यच होतो, म्हणून मी एक तर तशी जागा साधते किंवा ही अक्षरे वगळतेच.

वगळण्यात मोठी ताकद आहे. एका भाषेतून मी सगळे महाप्राण काढून टाकले: ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ काहीच नाही. त्या लोकांच्या तोंडी ‘धनाजी’चा ‘दनाजी’ झाला, आणि कोणीही न सांगता वाचक परका ओळखू लागले. ळ आणि ण भरपूर ठेवले की भाषा शेजारच्या गावची वाटते; तेच काढले की समुद्र ओलांडावासा वाटतो. याबरोबर आणखी एक सावधगिरी: मराठी वाचकाच्या कानात संस्कृत सतत जागे असते. मी एकदा नावांना ‘-ईश’ असा प्रत्यय लावला होता, तर तिघांनी कळवले की सगळी पात्रे देव आहेत असे वाटते. ‘-पूर’ लावले की शहर झालेच, ‘क्ष’ आला की यक्ष-राक्षस आलेच. हे टाळता येत नसेल तर निदान जाणूनबुजून वापरावे.

गावांची नावे घडवताना मात्र थोडी झीज मुद्दाम आणावी. एकच बंदर कान्हेरी लेण्यांतील कोरीव लेखांत चेमुल आहे, ग्रीकांच्या लेखनात सेमुल्ला, अरबांकडे सैमूर, आणि पुढे चेऊल, चौल. आपल्या नकाशावरची सगळी नावे कालच रंगवलेल्या पाट्यांसारखी कोरी आहेत. दोन-तीन जुन्या बंदरांना तरी राजधानीचे एक आणि किनाऱ्याचे एक अशी दोन नावे द्या. कोण कोणते नाव घेतो यावरूनच तो कोणाच्या बाजूचा आहे ते कळेल.

संवाद कोणत्या मराठीत लिहावेत, हा आपण जाता जाता विचारलेला प्रश्न खरे तर अवघड आहे. टॉल्किन यांनी असा पवित्रा घेतला की मूळ ग्रंथ कल्पित भाषेत आहे आणि आपण त्याचा अनुवाद करीत आहोत. म्हणून तेथली सर्वसामान्य भाषा इंग्रजीत आली आणि तिच्याशी जुने नाते असलेली घोडेस्वारांची भाषा प्राचीन इंग्रजीच्या रूपात आली. मराठीत हे फार चांगले जमण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे १२९० च्या ज्ञानेश्वरीपासून आजच्या मालवणीपर्यंत पायऱ्या तयार आहेत. प्रमाण मराठीतील ‘मला, तुला’ आणि मालवणीतील ‘माका, तुका’ यांत नियमित नाते आहे. ‘घराक, बाजाराक’ एकदा कळले की वाचक पुढचे रूप स्वतः ओळखतो, आणि असे स्वतः ओळखण्याचा आनंद त्याला शंभर तळटिपांतून मिळणार नाही. पण बोली आपल्या पात्रांना देताना ती विनोदासाठी आणि अडाण्यांसाठी राखून ठेवू नका, आणि संस्कृतप्रचुर बोलणे शहाण्यांसाठी. ही विभागणी कल्पित जगाच्या नावाखाली या जगातला उच्चनीचपणा तसाच उचलून आणते, आणि मालवणी घरातल्या वाचकाला ते पहिल्या पानावर कळते. माझा कल असा की खऱ्या बोलीचे नियम अभ्यासावेत आणि तसेच नियम आपल्या शब्दांना लावावेत. खरी बोली उसनी घेऊ नये. याबाबत माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या लेखकांचे मत नेमके उलट आहे, हेही सांगायला हवे.

अनुवाद न देता मजकूर कसा ठेवावा, हे मी गाऱ्हाण्यातून शिकले. तळकोकणात गाऱ्हाणे घालणारा एका दमात देवाला सांगत जातो आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाहेरच्या पाहुण्याला मधले शब्द कळले नाहीत तरी प्रतिसादावरून काय चालले आहे ते कळते. परकी ओळ, आणि लगेच कोणाची तरी कृती किंवा उत्तर, एवढे असले की कंसातला अर्थ लागत नाही.

लिपीबद्दल थोडक्यात. छापील पानावर अनोळखी खुणा आल्या की डोळा त्या चित्रासारख्या ओलांडतो, म्हणून लिपी पानावर दाखवण्यापेक्षा कथानकात वापरावी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. नारायणरावांच्या १७७३ मधील खुनाभोवती ‘ध’ चा ‘मा’ केल्याची कथा आजवर सांगितली जाते, मग ती खरी असो वा नसो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. आपल्या लिपीत अशी एखादी फट ठेवा, आणि एखादे पत्र चुकीचे वाचले जाऊ द्या.

राजसत्ता भाषेत हात घालते, तोही धागा आपल्या डोंगरी राज्यासाठी उपयोगी पडेल. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीला स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. त्यांच्या शब्दांपैकी ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ आपण आज सहज वापरतो, आणि काही शब्द मात्र कोशातच राहिले. आपल्या राजाने असाच हुकूम काढला तर बाजारात कोणता नवा शब्द रुळेल आणि कोणत्या शब्दावर लोक हसतील?

आता माझ्या फसलेल्या भाषेविषयी. पहिल्या कादंबरीच्या शेवटी मी चौदा पानांचा शब्दकोश जोडला होता. प्रकाशकांनी तो कापावा असे सुचवले, मी हट्टाने ठेवला. शेजारचे एक निवृत्त तांडेल वाचनाचे शौकीन होते. त्यांनी कादंबरी पूर्ण वाचली आणि एवढेच विचारले की वारा पडला म्हणजे ही माणसे काय म्हणतात. चौदा पानांत वाऱ्याला एकही शब्द नव्हता, आणि कथा होती शिडाच्या गलबतांची. त्यानंतर मी कोशाने सुरुवात करणे सोडले.

पुढच्या एका कादंबरीसाठी मी भाषा म्हणून जवळजवळ एकच गोष्ट केली. त्या गावात जो दर्यावर गेला आहे त्याच्या नावाला ‘-उल’ लावतात आणि तो परतला की काढतात. तेव नावाचा मुलगा होडी लोटली की ‘तेवुल’ होतो, सायंकाळी घरी जेवताना पुन्हा ‘तेव’. जो परत येत नाही त्याच्या नावाचा ‘-उल’ तसाच राहतो. गावातली म्हातारी माणसे अशी ‘उल’वाली नावे घेत असतात आणि त्याचे स्पष्टीकरण मी कोठेच दिले नाही. शेवटच्या प्रकरणात तेवची आई, तो बुडाल्यावर बारा दिवसांनी, ताट वाढताना त्याला नुसते ‘तेव’ म्हणते. त्या पानाविषयी मला आजही पत्रे येतात. कादंबरीतील परक्या शब्दांची एकूण संख्या सत्तरच्या आत होती.

म्हणून व्यवहारातले सांगायचे तर वही महिनाभर कपाटात ठेवा. पुळणीवरचा पहिला प्रसंग दोघांना एकमेकांचे एक अक्षरही कळत नाही असे धरून पुन्हा लिहा, आणि लिहिताना जो शब्द अडेल तेवढाच वहीतून काढा किंवा नवा करा. असे तीन प्रसंग झाले की कोणते शे-दीडशे शब्द लागतात ते दिसेल. उरलेले मोडीत काढायची गरज नाही, ते गावांच्या नावांत, लोकगीतांत, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात विरघळू द्या. शेवटी शब्दसूची द्यायचीच असेल तर एका पानाची द्या, आणि तिच्यात कथा समजण्यासाठी आवश्यक असलेला एकही शब्द ठेवू नका. आणि ‘झ'आर’, ‘केल'थुर’ यांतले ते वर टांगलेले स्वल्पविराम काढून टाका. देवनागरीत ते छपाईची चूक वाटतात, आणि ‘झार’ हे आपल्या समुद्राचे नाव रशियाच्या बादशहाची आठवण करून देते. तो शब्द तेवढा बदलावाच लागेल.